वारा ड्रोनची बॅटरी खातो, पण आपल्याला वाटतं तिथे नाही

ड्रोनच्या माहितीपत्रकात उड्डाणाच्या वेळेचे दोन आकडे असतात आणि बहुतेक जण त्यातला मोठा तेवढा वाचून पुढे जातात. डीजेआय कंपनीचा मॅव्हिक ३ हा कॅमेऱ्याचा ड्रोन घ्या. वजन ८९५ ग्रॅम, बॅटरी ७७ वॅट-तासांची. वारा नसताना एका जागी तरंगत ठेवला तर ४० मिनिटं. वारा नसतानाच ताशी ३२.४ किलोमीटरने उडवत ठेवला तर ४६ मिनिटं. भागाकार करून बघा: जागेवर उभा असताना सरासरी ११५ वॅट लागतात, धावताना १०० वॅट.

पुढे जाणारा ड्रोन उभ्या ड्रोनपेक्षा कमी वीज खातो. छपाईची चूक नाही ती. वाऱ्याचा सगळा हिशेब याच गोष्टीवर उभा आहे.

ड्रोनला जमीन कळते ती जीपीएस आणि खालच्या कॅमेऱ्यामुळे. पंख्यांना मात्र फक्त हवा कळते. वाहत्या घटप्रभेत काठावरच्या एका झाडासमोर टिकून राहायचं तर पोहणाऱ्याला हातपाय मारत राहावंच लागतं. काठावरून तो थांबलेला दिसतो, पाण्याच्या हिशेबाने तो पोहतोय. पश्चिमेकडून सेकंदाला ९ मीटर वारा येत असताना तुमचा ड्रोन बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारावर जागच्या जागी उभा दिसतो, तेव्हा पंख्यांच्या लेखी तो ९ मीटर प्रति सेकंदाने पश्चिमेला उडतोय. ९ मीटर प्रति सेकंद म्हणजेच ताशी ३२.४ किलोमीटर. मग वीज किती लागेल? वारा एकसारखा असेल तर ११५ नव्हे, १०० वॅटच्या आसपास.

म्हणजे मध्यम, एकसारख्या वाऱ्यात जागेवर उभा राहिलेला ड्रोन शांत हवेतल्यापेक्षा थोडा जास्त वेळ टिकतो. बॅटरी लवकर संपल्याचं खापर सरसकट वाऱ्यावर फोडलं जातं, म्हणून हे आधी सांगितलं.

असं का होतं

ड्रोनची वीज मुख्यतः तीन ठिकाणी जाते. पहिला वाटा हवा खाली ढकलण्याचा. वजन पेलायचं तर दर सेकंदाला ठरावीक हवा ठरावीक वेगाने खाली ढकलावीच लागते. शांत हवेत पंख्यांच्या वाट्याला येते ती तेवढ्याच जागेतली हवा, त्यामुळे ती जोरात ढकलावी लागते. ९०० ग्रॅमच्या ड्रोनमध्ये पंख्यातून जाणाऱ्या हवेचा हा वेग साधारण ५ मीटर प्रति सेकंद असतो. आडवा वेग मिळाला की पंख्यांखाली दर सेकंदाला बरीच जास्त ताजी हवा येते. जास्त हवा, मग ती हळू ढकलली तरी चालते. हळू ढकलण्यात वीज कमी जाते. ९ मीटर प्रति सेकंदाला हा वाटा जवळपास निम्म्यावर येतो.

दुसरा वाटा पाती हवेतून फिरवण्याचा. तो वेगाबरोबर थोडासाच वाढतो.

तिसरा वाटा ड्रोनच्या अंगाला हवा अडते त्याचा, आणि तोच पुढे घात करतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो पेलायला लागणारी वीज वेगाच्या घनाने. वेग दुप्पट झाला की या वाट्याची वीज आठपट. याच आकाराच्या ड्रोनचा ढोबळ अंदाज काढला तर हवेतला वेग ९ असताना १०० वॅट, १२ ला ११०, १६ ला १६० आणि १९-२० च्या पुढे २३० वॅटच्या वर. आधी उतार, मग सपाट, मग खडी चढण असा हा आलेख असतो. लहान, हलक्या ड्रोनची चढण लवकर सुरू होते. मोठ्या पंख्यांच्या जड ड्रोनची उशिरा.

बेळगावच्या उंचीचाही थोडा भाग आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर. त्याच तापमानाला पणजीच्या किनाऱ्यापेक्षा इथली हवा ८ टक्क्यांच्या आसपास विरळ, त्यामुळे जागेवर तरंगायला ४ ते ५ टक्के जास्त वीज लागते. एप्रिलच्या दुपारी हवा तापून आणखी विरळ होते. माहितीपत्रकातले ४० मिनिटांचे आकडे इथे ३८ वर आले तर बॅटरी खराब झाली असं समजू नका.

खरा घास परतीच्या वाटेवर

हवेतला वेग १२ मीटर प्रति सेकंद धरू, वीज ११० वॅट. वारा ८ मीटर प्रति सेकंद. ड्रोन वाऱ्याच्या दिशेने १ किलोमीटर गेला. (नियमानुसार तो नजरेच्या टप्प्यातच ठेवायचा असतो, इथे १ किलोमीटर फक्त हिशेब सोपा व्हावा म्हणून.) जाताना जमिनीवरचा वेग १२ अधिक ८, म्हणजे २०. ५० सेकंदांत पोचला. बॅटरीतले २ टक्के गेले. रिमोटकडे बघणारा खूश.

परत येताना वेग १२ वजा ८, म्हणजे ४. तेच अंतर, २५० सेकंद, बॅटरीतले १० टक्के. जाताना २, येताना १०. सेकंदाला लागणारी वीज दोन्हीकडे सारखीच होती, हे लक्षात घ्या. वाऱ्याने खाल्लं ते अंतर, आणि अंतराच्या बदल्यात वेळ.

आता वारा ८ वरून १० झाला तर? परतीचा वेग २, वेळ ५०० सेकंद, बॅटरी २० टक्के. ११ झाला तर वेग १, वेळ १,००० सेकंद, बॅटरी ४० टक्के. वारा ३ ने वाढला आणि खर्च चौपट झाला. १२ झाला की ड्रोन त्याच वेगाने उडत असूनही जागेवरच उभा राहतो, आणि त्यापुढे तोंड घराकडे ठेवून मागे मागे जातो. ‘३० टक्क्यांवर परत फिरायचं’ असा ठोकताळा वाऱ्यात निकामी ठरतो तो यामुळेच.

जाऊन-येऊन हिशेब केला तर जाताना मिळालेला फायदा येतानाचं नुकसान कधीच भरून काढत नाही. वारा नसता तर दोन्ही मिळून १६७ सेकंद लागले असते, ८ च्या वाऱ्यात ३०० लागले. आडव्या वाऱ्यातही सुटका नाही. ड्रोनला तिरकं तोंड करून चालावं लागतं आणि पुढे सरकण्याचा वेग १२ वरून ९ वर येतो.

यातून निघणारी पहिली गोष्ट जुनीच आहे, पण पाळली जात नाही: आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, मग वाऱ्याबरोबर परत या. ज्याचं चित्रण करायचं तो विषय पूर्वेला असेल आणि वारा पश्चिमेचा, तर तुम्हीच गाडी घेऊन विषयाच्या पूर्वेला जाऊन उभे राहा. दहा मिनिटांचा फेरा पडेल, पण बॅटरी कमी असताना ड्रोन वाऱ्याच्या सोबतीने घरी येईल.

दुसरी गोष्ट उलटी वाटेल. तोंडावर वारा असताना वीज वाचवायला वेग कमी करू नका. ८ च्या वाऱ्यात १२ ऐवजी १६ ने आलात तर वीज ११० वरून १६० वॅट होते, पण जमिनीवरचा वेग ४ चा ८ होतो आणि वेळ निम्मा. १० टक्क्यांऐवजी ७ टक्क्यांत घरी. त्याच्याही पुढे, १९ ने आलात तर फायदा पुन्हा घटतो. रिमोटची स्टिक पूर्ण दाबूनही साध्या मोडमध्ये ड्रोन सरकत नसेल तर स्पोर्ट मोड लावा, कारण साध्या मोडमध्ये ड्रोनला किती झुकता येईल यावर मर्यादा असते. मात्र स्पोर्ट मोडमध्ये समोरचे अडथळे टाळणारे सेन्सर बहुतेक ड्रोनमध्ये बंद होतात, तेव्हा वाटेतली झाडं, तारा आणि मोबाइलचे टॉवर तुम्हीच बघायचे.

तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त: खाली या. शेतं, झाडं, घरं असलेल्या भागात वारा जमिनीजवळ अडतो आणि वर मोकळा सुटतो. १० मीटरवर वारा ५ असेल तर ३० मीटरवर साधारण ६ आणि १०० मीटरवर ८. सौंदत्तीकडच्या पठारावर पवनचक्क्यांचे खांब एवढे उंच का, याचं उत्तर यातच आहे. वरच्या उदाहरणातला ड्रोन १०० मीटरवरून ३० मीटरवर आणला की परतीचा वेग ४ वरून जवळपास ६ होतो आणि १० टक्क्यांचा खर्च ७ वर येतो. अडचण अशी की ‘रिटर्न टू होम’ बटण दाबल्यावर ड्रोन उलट वर चढतो, ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत, म्हणजे थेट जास्त वाऱ्यात. ती उंची परिसरातल्या सगळ्यात उंच झाडा-टॉवरपेक्षा थोडी वर ठेवा. सवयीने १२० मीटर ठेवू नका. वाऱ्याच्या दिवशी बटणापेक्षा हाताने आणलेला ड्रोन बरा.

हिडकलच्या जलाशयावर मात्र खाली येण्याचा फायदा कमी. पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं, त्यामुळे १५-२० मीटरवरही तो जवळपास तेवढाच. आणि पाण्याच्या मध्यावर बॅटरी संपली तर शोधायलाही जायला नको.

झोतांचं गणित वेगळं

आतापर्यंत वारा एकसारखा धरला. तसा तो क्वचितच असतो. झोत आला की ड्रोनचा मेंदू सेकंदात अनेक वेळा मोटरींचा वेग वर-खाली करतो. मोटरीचा वेग वाढताना वीज जवळपास घनाने वाढते, कमी होताना तेवढी वाचत नाही. त्यामुळे सरासरी वारा ८ असलेल्या पण झोतांनी भरलेल्या हवेत, ८ च्या एकसारख्या वाऱ्यापेक्षा जास्त वीज जाते. वाऱ्याच्या तोंडावर उभ्या ड्रोनचं नाक हवेमुळे वर उचललं जातं, ते दाबून धरायला मागच्या दोन मोटरींना जास्त काम पडतं. चारही मोटरींची सरासरी बरी दिसली तरी मर्यादा आधी गाठतात त्या मागच्या दोन.

बॅटरीवर याचा परिणाम टक्क्यांत दिसत नाही, व्होल्टेजमध्ये दिसतो. बॅटरीच्या आतल्या अवरोधामुळे जास्त प्रवाह ओढला की व्होल्टेज खचतं. चार सेलची बॅटरी, अवरोध ४० मिलीओहम असेल तर ७ अँपिअरला ०.२८ व्होल्टची घट, झोतात १५ अँपिअर ओढले तर ०.६ व्होल्टची. शिवाय आत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते: २ वॅटची ९ वॅट. बॅटरी भरलेली असताना हे पचतं. २५ टक्क्यांवर आल्यावर एक जोरदार झोत सेलचं व्होल्टेज खालच्या मर्यादेला टेकवतो आणि पडद्यावर १८ टक्के दिसत असताना ड्रोन जबरदस्तीने खाली उतरायला लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी खानापूर भागात गारठलेली बॅटरी तशीच लावली तर हे आणखी लवकर होतं. थंड बॅटरीचा अवरोध जास्त असतो. २० अंशांच्या वर येईपर्यंत ती खिशात किंवा गाडीत ठेवा आणि चढवल्यावर एखादा मिनिट कमी उंचीवर उभा ठेवून मगच पुढे न्या.

आपल्याकडचा वारा

जून ते सप्टेंबर पश्चिमेचा जोरदार वारा. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात तर पाऊस आणि धुक्यामुळे प्रश्नच मिटतो. हिवाळ्यात पूर्वेकडचा कोरडा वारा. फसवतात ते एप्रिल-मे. सकाळी हवा शांत, दुपारी तापलेल्या माळावरून उठणारे भोवरे, आणि चारनंतर वळवाचे ढग. वळवाचा पाऊस पोचण्याआधी त्याचा गार झोत पोचतो, आणि कित्येकदा आदल्या वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने. हवामान खात्याच्या इशाऱ्यात ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर’ असं येतं, म्हणजे ११ ते १४ मीटर प्रति सेकंद. मॅव्हिक ३ ची सांगितलेली मर्यादा १२, त्याच कंपनीच्या लहान, हलक्या मिनी ३ ची १०.७. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक नेमकी याच दिवसांत येते. ढगांचा गडगडाट ऐकू आला की ड्रोन खाली, एवढा साधा नियम पुरे.

इथेच एककांचा घोळ होतो. मोबाइलमधलं हवामान ताशी किलोमीटरमध्ये, ड्रोनचं माहितीपत्रक मीटर प्रति सेकंदात, सांबरा विमानतळाचा हवामान संदेश नॉटमध्ये. मीटर प्रति सेकंदाला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर; नॉटची निम्मी म्हणजे जवळपास मीटर प्रति सेकंद. शिवाय अंदाजातला वारा १० मीटर उंचीचा असतो, आणि सरासरीचा. झोतांचा आकडा वेगळा दिला असेल तर तोच धरा. यंत्र नसेल तर डोळ्यांनी: धूळ आणि कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या की ६ ते ८, लहान झाडं बुंध्यासकट डोलू लागली, तळ्याच्या पाण्यावर फेसाळ लाटा दिसल्या की ८ ते १०.७. मिनी गटातला ड्रोन तेव्हा पेटीतच ठेवावा.

राजहंसगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं चित्रण करायला जाणाऱ्यांनी टेकडीचा वारा समजून घ्यावा. पश्चिमेचा वारा उतारावर चढताना दाबला जातो आणि माथ्यावर पायथ्याच्या दीडपट सहज होतो. पश्चिम उतारावर हवा वर येत असते, तिथे ड्रोनला फुकटचा आधार मिळतो. पूर्वेच्या उतारावर हवा खाली कोसळते आणि घुसळते. हवा सेकंदाला २ मीटरने खाली जात असेल तर नुसती उंची टिकवायला ९०० ग्रॅमच्या ड्रोनला २५ ते ३० वॅट जादा लागतात, वर झोतांचा खर्च वेगळा. म्हणून उभं राहायचं ते माथ्याच्या पूर्व टोकाला, उताराखाली नाही. आणि ड्रोन पूर्वेच्या कड्याखाली उतरवायचा मोह टाळायचा. विमानतळ आणि लष्करी परिसरामुळे बेळगावभोवती निर्बंधांचे पट्टे आहेत, तेव्हा निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा बघणं आलंच.

उसावरचा दहा लिटरचा ड्रोन

चिकोडी, रायबाग, अथणीकडे फवारणीचे ड्रोन वाढलेत. त्यांचं गणित दुसऱ्या टोकाचं. दहा लिटर टाकी भरून २५ किलोच्या आसपास वजन, जागेवर तरंगायला अंदाजे ३ किलोवॅटच्या वर, ४४ व्होल्टवर ७० अँपिअर. दोन बॅटरींची मिळून ७१० वॅट-तासांची जोडी ८० टक्क्यांपर्यंत वापरली तर भरल्या टाकीने जेमतेम १० मिनिटं. टाकी रिकामी होत जाते म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त. इतक्या वजनाच्या ड्रोनला ३-४ मीटरच्या वाऱ्याने वीजखर्चात विशेष फरक पडत नाही. त्याच्या कितीतरी आधी औषध शेजारच्या बांधावर जाऊ लागतं. फवारणीला वारा ३ मीटर प्रति सेकंदाच्या आत हवा, म्हणजे बहुतेक दिवस सकाळी दहापर्यंतच.

वीज वाया जाते ती वळणांवर. ओळीच्या टोकाला थांबणं, सरकणं, पुन्हा वेग घेणं, आणि अर्धी टाकी हिंदकळत असेल तर ते सावरणं. ओळी वाऱ्याला आडव्या ठेवा आणि वारा जिकडे जातो त्या बाजूच्या बांधापासून सुरू करून ओळीओळीने वाऱ्याच्या तोंडाकडे सरका. असं केलं तर ड्रोन स्वतःच्या फवाऱ्यात शिरत नाही आणि चालवणारा वारा येतो त्या बाजूला कोरडा राहतो. विजेच्या हिशेबानेही हीच मांडणी बरी. जमिनीवरचा वेग कायम ठेवणाऱ्या ड्रोनला वाऱ्याच्या रेषेतल्या ओळींत एकदा फार जास्त आणि एकदा फार कमी हवेचा वेग मिळतो, आणि आपण पाहिलं तसं दोन्ही टोकं महाग. आडव्या ओळीत तो मधल्या स्वस्त पट्ट्यात राहतो. जमिनीच्या मोजणीच्या ड्रोनलाही हेच लागू. अपवाद अरुंद पट्ट्यांचा. शेत १५० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असेल आणि आडव्या ओळी ३० मीटरच्या पडत असतील, तर वळणंच बॅटरी संपवतील. तिथे लांबीनेच उडवा, आणि वारा पडेपर्यंत थांबा.